लाल रकान्यातल्या डॉक्टरबाई

आरोग्य खात्याच्या बैठकीत डॉक्टरबाईंना पाठीमागे 'कुठायबाई' म्हणत. नवी योजना आली, पडद्यावर रंगीत आलेख झळकला, टाळ्या पडल्या, की मागच्या रांगेतून एक बारीकसा हात वर यायचा. "सगळं छान आहे हो. पण याला पुरावा कुठाय?" पुढच्या रांगेतले लोक एकमेकांकडे बघून डोळे फिरवत. चहा थंड व्हायला लागे. बाईंना आपलं हे नाव चांगलं ठाऊक होतं आणि ते त्यांना मनापासून आवडायचंही. "होयबा होण्यापेक्षा कुठायबाई बरी," असं त्या म्हणत.

वय त्रेसष्ट. उंची बेताची, आवाज मात्र बेताचा नाही. चौकाच्या कोपऱ्यावर दोन खोल्यांचा दवाखाना. शेजारी लाँड्री होती, त्यामुळे तपासणीच्या खोलीची एक भिंत कायम कोमट असायची आणि थंडीच्या दिवसांत म्हातारे पेशंट मुद्दाम त्या भिंतीला पाठ लावून बसायचे. वजनकाटा अर्धा किलो जास्त दाखवायचा, पण ते सगळ्या गल्लीला माहीत असल्यामुळे तो दुरुस्त करायची गरज कोणाला वाटली नव्हती. बाईंचा एकच कडक नियम होता. चारपेक्षा जास्त औषधं चालू असलेल्यानं घरातली औषधांची अख्खी पिशवी आणायची आणि टेबलावर उलटी करायची. मग बाई एकेक पाकीट उचलून विचारायच्या, "ही कशासाठी?" उत्तर आलं नाही, की पाकीट वेगळ्या ढिगात. हा दुसरा ढीग बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा मोठा व्हायचा.

बाई जन्मतः अशा नव्हत्या. दवाखाना नवा होता तेव्हा त्याही ताप दिसला की सुई टोचायच्या, कारण सुई टोचल्याशिवाय लोकांना डॉक्टर भेटल्यासारखं वाटायचं नाही. पुस्तकात लिहिलंय ना, मग झालं. त्या काळात हृदयाचे ठोके चुकणाऱ्या माणसाला एक गोळी द्यायची पद्धत होती. गोळी घेतली की ईसीजीच्या पट्टीवरचे चुकलेले ठोके नाहीसे व्हायचे. डॉक्टर खूष, पेशंट खूष. बाईंनी ती गोळी गल्लीतल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना दिली. दीड वर्षानं ते वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता कोसळले आणि गेले. सगळे म्हणाले, हृदयच कमजोर, डॉक्टरबाईंनी दीड वर्ष तरी ओढून काढलं.

पुढे काही वर्षांनी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुणीतरी एकदाचं गोळी घेणारे आणि न घेणारे असे दोन्हीकडचे जिवंत किती राहिले ते मोजलं होतं. गोळी घेणारे जास्त दगावले होते. पट्टी सुधारत होती आणि माणसं मरत होती.

बाईंनी तो कागद दोनदा वाचला. मग उठून मुख्याध्यापकांच्या घरी गेल्या आणि त्यांच्या बायकोला सगळं सांगितलं. "कदाचित त्या गोळीनंच गेले असतील. कदाचित नसतीलही. पण ते मला कळायला हवं होतं आणि मी कधी विचारलंच नाही."

त्या बाईनं भिंतीवरच्या फोटोचा हार सरळ केला. मग म्हणाली, "आता कशाला सांगितलंत?"

 डॉक्टरबाई घरी आल्या आणि नवऱ्यासमोर मनसोक्त रडल्या. नवरा घड्याळजी. तो फार बोलणारा माणूस नव्हता. त्यानं फक्त एवढंच म्हटलं, "अगं, काटे फिरतायत म्हणजे वेळ बरोबरच आहे असं नसतं." त्या दिवसापासून बाई कोणत्याही गोळीला दारातच अडवून विचारायला लागल्या, तू कोण, कुठून आलीस, आणि तुझ्यामुळे आजवर कोणाचं भलं झालंय?

तर अशा या बाईंच्या दवाखान्यात एके सकाळी खात्याचं परिपत्रक आलं. सिस्टर म्हणजे त्यांची नर्स, एकवीस वर्षांपासूनची सोबतीण. तिनं ते उभ्या उभ्या वाचून दाखवलं. चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा वरचा रक्तदाब एकशेतीसच्या आत आणायचा. दवाखान्यांची यादी दर तिमाहीला लागणार. शंभरातले ऐंशी पेशंट आत असतील तो दवाखाना हिरव्या रकान्यात, साठ असतील तो पिवळ्यात, त्याखाली लाल. सलग दोनदा लाल आला, तर सरकारी योजनेतून नाव बाद.

"चाळीसचा असो की नव्वदचा, सगळ्यांना एकच आकडा?" बाईंनी विचारलं.

"एकच."

"म्हणजे सब घोडे बारा टक्के!"

दुपारी एक ते चार दवाखाना बंद असायचा. ती बाईंची वाचनाची वेळ. परिपत्रकाच्या तळाशी ज्या अभ्यासाचा उल्लेख होता तो त्यांनी मिळवला आणि मागून पुढे वाचायला घेतला. त्यांचं म्हणणं असं, की सारांश म्हणजे घराचा दिवाणखाना, पाहुण्यांसाठी आवरलेला. खरा पसारा बघायचा तर मागच्या दारानं शिरावं. मागच्या दारी, शेवटून दुसऱ्या तक्त्यात, बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की अभ्यासात कोणाकोणाला घेतलं नव्हतं. ज्यांचा रक्तदाब उभं राहिल्यावर खाली येतो ते. आधी कधी पडलेले. दुसऱ्याच्या मदतीशिवाय ज्यांचं चालत नाही ते. आणि ज्यांना घेतलं होतं त्यांतही, शंभर जणांनी तीन-चार वर्षं गोळ्या घेतल्या तेव्हा दीड-दोन जणांचा फायदा झाला होता. फायदा खरा होता, बाई तो नाकारत नव्हत्या. पन्नाशीच्या धडधाकट माणसाला त्या तो समजावून सांगायच्या आणि गोळी द्यायच्या. पण त्यांच्या कोमट भिंतीला टेकून बसणारे निम्मे लोक त्या अभ्यासाच्या दारातूनही आत जाऊ शकले नसते.

"दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला," असं पुटपुटत त्यांनी तो तक्ता पेन्सिलीनं चौकटीत घेतला.

पहिल्या तिमाहीचा निकाल लागला तेव्हा त्या लाल रकान्यात होत्या. त्यानंतर पंधरा दिवसांनी शिवणबाई पडल्या.

शिवणबाई म्हणजे गल्लीतल्या निम्म्या मुलींना शिवणकाम शिकवलेल्या, चौऱ्याऐंशी वर्षांच्या, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. अजूनही लोकांच्या पँटी आखूड करून द्यायच्या. त्यांना डॉक्टरबाईंच्या दोन गोळ्या चालू होत्या आणि त्यांचं बरं चाललं होतं. पण खात्याचं तपासणी शिबिर त्यांच्या इमारतीत आलं. शिवणबाई तीन मजले उतरून, धापा टाकत रांगेत बसल्या. पट्टा आवळला, आकडा आला एकशेबावन्न, आणि तिथल्या मुलीनं तिसरी गोळी हातावर ठेवली. आठव्या दिवशी सकाळी खुर्चीवरून उठल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या शिवणयंत्रावर आपटल्या. उजवं मनगट मोडलं.

डॉक्टरबाई घरी गेल्या. शिवणबाईंना आडवं करून रक्तदाब घेतला, एकशेअठ्ठेचाळीस. उभं केलं, एका हातानं धरलं, दुसऱ्यानं पुन्हा घेतला. एकशेचार.

"बाई, मला सांगा," प्लास्टरातला हात मांडीवर ठेवून शिवणबाई म्हणाल्या, "ती गोळी मला कशासाठी दिली होती?"

"आकडा खाली आणायला."

"मग मीच खाली आले की!" आणि त्या हसल्या. हसता हसता त्यांची नजर झाकून ठेवलेल्या यंत्राकडे गेली आणि तोंड फिरवून म्हणाल्या, "त्या हातानं सुईत दोरा ओवायचे हो मी."

डॉक्टरबाईंनी तिसरी गोळी तर बंद केलीच, दुसरीही अर्धी केली. मग शिवणबाईंच्या आरोग्यपत्रिकेवर, खात्यानं छापलेल्या 'उद्दिष्ट: १३० खाली' या ओळीवर आडवी रेघ मारून लाल शाईनं लिहिलं, "ही गोळी मी बंद केली आहे. कोणाला सुरू करायची असेल, तर त्यानं आधी या बाईंना उभं करून रक्तदाब मोजावा आणि मग माझ्याशी भांडायला यावं." खाली सही, शिक्का.

त्या आठवड्यात त्यांनी पंचाहत्तरीपुढच्या आपल्या सगळ्या पेशंटना बोलावून आडवं-उभं करून तपासलं. एकतीस जणांच्या गोळ्या कमी केल्या. प्रत्येकाला एका कागदावर शंभर ठिपके काढून दाखवले, त्यातले दोन रंगवले आणि विचारलं, "एवढ्यासाठी रोज घ्याल का? घ्या म्हणालात तरी माझी हरकत नाही, पण ठरवा तुम्ही." बहुतेकांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी असं विचारलं होतं. एक आजोबा घाबरून म्हणाले, "मी कसा ठरवणार? डॉक्टर तुम्ही!"

"आणि गोळी गिळणार कोण? मी?"

खात्यातून साहेब आला तो दुसऱ्या निकालाच्या आधी. तरुणपणी त्यानं याच दवाखान्यात बाईंच्या हाताखाली सहा महिने उमेदवारी केली होती. आता त्याच्या गाडीला चालक होता आणि कपाळावर आठ्या होत्या.

"मॅडम, या वेळीही लाल आलात तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"तुझ्या हातात तेव्हाही काही राहायचं नाही. तीन थर्मामीटर फोडलेस."

तो हसला नाही. त्यानं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "औषध द्या किंवा नका देऊ, तो तुमचा प्रश्न. पण रकान्यात आकडा तेवढा एकशेअठ्ठावीस लिहा. सगळे तेच करतात. शेवटी आकडाच तर आहे!"

"अरे, मग शिवणबाई कशापायी पडल्या? आकड्यापायीच ना?"

"मलाही वर उत्तर द्यावं लागतं, मॅडम."

"दे ना. सांग, बाई ऐकत नाहीत. खरंच तर आहे."

तो गेल्यावर सिस्टर आत आली. दार लोटलेलं असलं तरी तिला सगळं ऐकू गेलं होतं. त्या दवाखान्यात तसंही काही लपून राहत नसे. "सगळे तेच करतात म्हणाले ना ते?" तिनं विचारलं.  त्या दुपारी बाईंनी खात्याचा जाडजूड अहवाल काढला. पारदर्शक कारभार म्हणून त्यामागे प्रत्येक दवाखान्याच्या नोंदी जोडलेल्या होत्या. कोणी वाचणार नाही या भरवशावर छापलेल्या त्या दोनशे पानांतले आकडे बाई आणि सिस्टर समोरासमोर बसून मोजायला लागल्या.

इकडे गल्लीत बातमीला पाय फुटले होते. 'डॉक्टरबाई गोळ्यांच्या विरोधात गेल्या' इथून सुरुवात होऊन ती 'रक्तदाब असं काही नसतंच' इथवर पोचली. बावन्न वर्षांच्या एका बसचालकानं आपल्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या आणि नाक्यावरच्या पावडरवाल्याकडून रक्तदाबाच्या जडीबुटीचा एक डबा घेतला. महिन्याभरानं त्याची बायको त्याला हाताला धरून घेऊन आली. रक्तदाब एकशेशहाण्णव.

"अहो, तुम्हीच म्हणता ना गोळ्या नकोत?" चालक म्हणाला.

डॉक्टरबाई त्याच्यावर अशा कडाडल्या, की लाँड्रीतली इस्त्री थांबली. "मी शिवणबाईंची गोळी बंद केली, तुझी नाही! त्यांच्या वयाचा हो, त्यांच्यासारखा उभ्या उभ्या कोसळ, मग तुझीही करीन. तोवर गुपचूप घ्यायची. चाळीस माणसं बसवून गाडी चालवतोस तू!"

नेमका त्याच आठवड्यात तो पावडरवाला दवाखान्यात हजर झाला. पांढरेशुभ्र कपडे, हातात डबा. त्याला डब्यावर बाईंचा फोटो छापायचा होता. "तुम्ही गोळीवाल्यांशी लढताय, मीही लढतोय. आपण एकाच नावेत."

"वा! बसा," बाई गोड आवाजात म्हणाल्या. सिस्टरनं तो गोड आवाज ओळखला आणि बाहेरचं दार उघडून ठेवलं. "ही पावडर किती जणांना दिलीत?"

"हजारो!"

"आणि न दिलेल्या हजारोंचं काय झालं?"

"न दिलेल्यांचं मला काय ठाऊक?"

"मग दिलेल्यांचं तरी काय ठाऊक? पुरावा कुठाय?" बाई उभ्या राहिल्या. "खात्याकडे निदान एक अभ्यास आहे, तो चुकीच्या माणसाला लावतात एवढंच. तुमच्याकडे तर नुसता डबाच आहे. उचला तो."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारावर पाटी लागली. "हा दवाखाना गोळ्यांच्या विरोधात नाही. न विचारता दिलेल्या आणि न विचारता सोडलेल्या, अशा दोन्ही गोळ्यांच्या विरोधात आहे."

दुसरा निकालही लालच आला आणि बाईंना सुनावणीची नोटीस मिळाली. घड्याळजी त्या सकाळी दुकान न उघडता त्यांच्याबरोबर निघाले.

"तुम्ही कशाला?" बाईंनी विचारलं.

"तू फार बोललीस तर बाही ओढायला."

"मग घरीच थांबा."

ते तरीही आले आणि बाहेरच्या बाकावर बसले.

आत लांब टेबलापलीकडे तिघं होते. मधले अध्यक्ष, त्यांच्या एका हाताला एक टिपणं घेणाऱ्या बाई आणि दुसऱ्या हाताला साहेब, पेनाचं टोपण काढत-घालत. अध्यक्षांनी आरोप वाचले. उद्दिष्टाकडे दुर्लक्ष. मार्गदर्शक सूचनेचा भंग. सरकारी पत्रिकेवर अनधिकृत मजकूर.

"हे सगळं मान्य आहे?"

"मान्य. 'दुर्लक्ष' सोडून. मी लक्ष दिलं म्हणून तर हे झालं."

बाईंनी अभ्यासातला तो चौकटीतला तक्ता पुढे सरकवला. त्यांनी शिवणबाईंचं नाव न घेता त्यांच्या मनगटाची गोष्ट सांगितली, एकतीस पेशंटचे आडवे-उभे आकडे वाचून दाखवले. अध्यक्ष ऐकत होते, पण बंद दुकानासमोर ग्राहकानं ताटकळावं तसे.

"डॉक्टर, देशभरातल्या तज्ज्ञांनी मिळून हे ठरवलंय. आणि तुम्ही एका कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बसून त्यांना चूक ठरवणार?"

"तज्ज्ञ चूक नाहीत. त्यांनी जे शोधलं ते बरोबर आहे, ज्यांच्यावर शोधलं त्यांच्यापुरतं. बाकीच्यांचं त्यांनी लिहिलंच नाही. ते तुम्ही घुसडलंत." टिपणं घेणाऱ्या बाईंचा हात क्षणभर थांबला. "आणि कोपऱ्यावर बसल्यामुळेच मला पडलेली माणसं दिसतात. तुमच्या मजल्यावर ती चढू शकत नाहीत."

"बाकीचे दवाखाने हिरव्यात कसे येतात मग?"

हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता. बाईंनी पिशवीतून जाड अहवाल काढला आणि टेबलावर ठेवला, धप्पकन.

"बरं झालं विचारलंत. हिरव्या यादीतल्या एकोणीस दवाखान्यांच्या नोंदी आम्ही दोघींनी मोजल्या. दर शंभरातल्या एकाहत्तर जणांचा रक्तदाब एकशेअठ्ठावीस आहे. सव्वीस नाही, सत्तावीस नाही, अठ्ठावीस. म्हातारे, तरुण, जाडे, बारीक, सगळे अठ्ठावीस! माणसाच्या रक्ताला आठाचं एवढं वेड कधीपासून लागलं?"

खोलीत फक्त टोपणाचा आवाज होता. मग तोही थांबला.

"तुम्हाला कोणी आकडे बदलायला सांगितलं होतं?" अध्यक्षांनी आवाज चढवून विचारलं. "नाव सांगा."

साहेबाचा चेहरा कागदासारखा झाला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाव कशाला हवंय? एका माणसाला काढाल आणि आकडा तसाच ठेवाल. ज्या पद्धतीत खरं लिहिणारा लाल आणि खोटं लिहिणारा हिरवा, तिला नाव द्या काहीतरी."

निर्णय आठ दिवसांनी आला. 'शिस्तभंग सिद्ध. एक वर्ष योजनेतून नाव कमी.' अहवालाबद्दल त्यात चकार शब्द नव्हता.

ते वर्ष कठीण गेलं. योजनेतले पेशंट दूरच्या दवाखान्यांत जायला लागले आणि परत येऊन कोमट भिंतीला टेकून तिथल्या गोळ्यांच्या पिशव्या उलट्या करायला लागले. बाई त्यांना तपासायच्या; कुठल्या रकान्यात लिहायचं हा प्रश्नच उरला नव्हता.  आपण हट्टापायी एवढ्या लोकांची पायपीट केली का, असं एका संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला विचारलं. घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं, विचार केला आणि म्हणाले, "केलीस. पण ती पायपीट करायला त्यांचे पाय धड आहेत." शिवणबाईंचं मनगट जुळलं, वाकडं जुळलं. त्यांनी डाव्या हातानं कात्री धरायला शिकून घेतलं आणि दोन मुलींना शिवणकामही शिकवायला लागल्या.

आठव्या महिन्यात खात्याचं नवं परिपत्रक निघालं. 'ऐंशी वर्षांवरील व्यक्तींच्या बाबतीत वैद्यकीय निर्णयानुसार अपवाद करता येईल.' आणि नोंदींच्या तपासणीसाठी एक समिती. बाईंचं नाव कुठेही नव्हतं. सिस्टर पेढे वाटल्यासारखी तो कागद सगळ्यांना दाखवत फिरली. बाईंनी मात्र ते वाचून चष्मा कपाळावर ढकलला. "ऐंशीच का? सत्तरीचा माणूस उभ्या उभ्या पडला तर त्याला काय ऐंशी पूर्ण होईपर्यंत पडून राहा म्हणायचं? या ऐंशीला पुरावा कुठाय?"

वर्ष संपलं तेव्हा योजनेत परत येण्यासाठी एक छापील अर्ज आला. त्यात एक ओळ होती: 'झाल्या प्रकाराबद्दल मी खेद व्यक्त करते.' बाईंनी पट्टी घेतली, त्या ओळीवर सरळ रेघ मारली, बाजूला 'खेद नाही' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि सही केली. घड्याळजी कपाळाला हात लावून बसले.

तीन आठवड्यांनी मंजुरीचं पत्र आलं. 'आपण व्यक्त केलेल्या खेदाची नोंद घेऊन आपलं नाव पूर्ववत समाविष्ट करण्यात येत आहे.'

सिस्टरला हसू आवरेना. घड्याळजी म्हणाले, "मिळालं ना? सुटलो. आता गप्प बस हां. तुला माझी शपथ."

"अहो, पण त्यांनी वाचलंच नाही!"

"तेच तर आपलं नशीब."

बाई खुर्चीत बसल्या, कोरा कागद ओढला आणि लिहायला लागल्या. 'आपलं पत्र मिळालं. मी खेद व्यक्त केलेला नाही. ती ओळ खोडलेली आहे, कृपया मूळ अर्ज पाहावा. न वाचता सही करणाऱ्यांकडून मंजुरी घेण्याची मला सवय नाही. वाचून मंजुरी द्यावी, किंवा वाचून नाकारावी. सोबत ऐंशी वर्षांच्या मर्यादेबद्दल माझे सात प्रश्न जोडले आहेत.'

मग त्यांनी पाकीट बंद केलं, तिकीट लावलं आणि बाहेरच्या बाकावरच्या पहिल्या पेशंटला हाक मारली.